टेक्सास: वर्गणीचा बंब की कराचा?

टेक्सासच्या खेड्यापाड्यांत आग विझवण्याची सोय दोन तऱ्हेने होते. एक, स्वयंसेवी दल: बार्बेक्यूची ताटं विकून बंबात डिझेल भरायचं. कर नाही, पण भर दुपारी स्वयंसेवक आपापल्या नोकरीवर. बंब उभा, चालवणार कोण?

दुसरी तऱ्हा, मतदानाने स्थापलेला आपत्कालीन सेवा जिल्हा: आपल्याकडचा जिल्हा नव्हे, तर अशा सेवेसाठी कर घेणारी स्थानिक संस्था. टेक्सासच्या राज्यघटनेनुसार तिचा मालमत्ता कर १०० डॉलरमागे जास्तीत जास्त १० सेंट. म्हणजे ३ लाख डॉलर करपात्र किमतीच्या घराला वर्षाला फार तर ३०० डॉलर. ह्यूस्टनच्या उपनगरांतल्या मराठी घरांच्या करबिलातही ही ओळ वेगळी दिसते. मला ही दुसरी तऱ्हाच बरी वाटते. मात्र विधिमंडळाने पैसे न देता एखादी नवी सक्ती केली, की खर्च जिल्ह्याच्या माथी. १० सेंटांची मर्यादा तशीच.