घाण्यावरच्या शेंगपेंडीचं पीठ: सहा महिने वापरून

मी कराडला घरून अठरा डबे देते. शेंगतेल ज्या लाकडी घाण्यावरून आणते, तिथे दिवाळीपासून पेंडीचं पीठ विकायला ठेवलंय. पहिली पिशवी घरी आली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, पेंड म्हशीला घालायची असते, माणसांना कुठं?" त्यांच्या आयुष्यात ती गव्हाणीतच पडलेली.

पण घाण्यासमोर उभं राहून बघा. अडीच किलो दाण्यांतून जेमतेम किलोभर तेल निघतं. बाकीची पेंड उखळाच्या कडेला लाटेखाली, म्हणजे दाणे चिरडणाऱ्या लाकडी दांड्याखाली, दाबून बसलेली असते. काढली की कोमट खापऱ्या, हातात चुरल्या की बोटं तेलकट होतात आणि खमंग वास येतो. दाण्यात शेकडा पंचवीसच्या आसपास प्रथिनं असतात. तेल निघून गेल्यावर पेंडीत तीच चाळीसच्या वर जातात. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने फार पूर्वीच ७५ भाग शेंगदाण्याचं पीठ आणि २५ भाग हरभऱ्याचं पीठ मिसळून कुपोषणावर पौष्टिक आहार तयार केला होता. एवढं सगळं आपण फक्त गोठ्यात पाठवत आलो, याची मला खरंच हळहळ वाटते.

आता स्वयंपाकाचं. चार वाट्या भाजणीला एक वाटी पेंडीचं पीठ, हे माझं प्रमाण. दोन वाट्या घातल्या तर थालीपीठ थापताना कडा फाटतात. हे पीठ पाणी फार पितं, म्हणून मळून दहा मिनिटं झाकून ठेवायचं आणि मग पुन्हा पाण्याचा हात लावायचा. वांग्याच्या रश्श्याला कुटाऐवजी घातलं तर रस्सा दाट होतो, पण कुटासारखा तवंग येत नाही. पथ्याच्या दोन डब्यांना तेच हवं असतं. चटणीत मात्र निव्वळ पेंड कोरडी लागते. लसूण-तिखटाबरोबर कुटताना वरून चमचाभर तेल घालावंच लागतं. दाण्याची लाल सालं पुरती न काढलेली असली तर चटणी तुरट होते. घाण्यावरच्या दोन पिशव्यांत तसं झालं.

दुसरी तक्रार मोठी आहे. मध्यंतरी आणलेल्या एका पिशवीला कुबट वास आला. मी ती सगळी टाकून दिली, म्हशीलाही घातली नाही. ओलसर शेंगांवर बुरशी येते आणि तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते लिव्हरला घातक असतं आणि भाजूनही पुरतं जात नाही. तेल काढताना त्यातलं बहुतेक विष पेंडीतच मागे राहतं. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले, ते बुरशी लागलेल्या शेंगपेंडीच्या खाद्यामुळेच. म्हणून तेलाला चालणारा काळपट, सुरकुतलेला दाणा पेंड खायची असेल तर चालत नाही.

मी घाणेवाल्या काकांना हे सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही, पैसे परत दिले. आता पिठाच्या घाण्याचे दाणे दोन बायका सुपात घेऊन वेगळे निवडतात, आणि काळपट दाणा बाजूला काढलेली पाटी गिऱ्हाईकाला दाखवतात. दर किलोला १६० रुपये आहे. गुरांच्या पेंडीपेक्षा खूपच जास्त, पण त्या निवडणीचे पैसे मी आनंदाने देते. शेंगांची टरफलं मात्र अजून भट्टीतच जातात. त्यांचं पीठ का करत नाही, असं एका गिऱ्हाइकाने विचारलं, तेव्हा काकांनी टरफल त्याच्या हातात चुरून दाखवलं: नुसता लाकडासारखा चोथा.

घेणार असाल तर अर्धा किलोच घ्या, दळल्याची तारीख विचारा आणि फ्रिजमध्ये ठेवा. पेंडीत थोडं तेल उरतंच, ते उन्हाळ्यात महिनाभरात खवट होतं. सासूबाई आता पिठाचा डबा उघडला की आधी वास घेतात, मगच परातीत काढू देतात.