पावसाळ्यात घोडीच्या पायाला खपल्या धरतात त्यावर क्लोरहेक्सिडीनचं धुणं, माझा अनुभव (५ पैकी ४ स्टार)

आधीच सांगते, औषध एक नंबर आहे, पण नुसती बाटली आणून काम होत नाही म्हणून एवढं लांब लिहितेय.

आमची घोडी वर्षभर मळ्यातच असते, मखमलाबादच्या बाजूला. पत्र्याची शेड आहे पण ती आत थांबेल तर ना. लहान चणीची, सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेली, पंचकल्याणी. चारही पाय पांढरे म्हणून लोक शुभ मानतात, बघायला येतात, पण पांढऱ्या केसाखालची कातडी गुलाबी आणि नाजूक असते आणि आपल्या इथली काळी माती पायाला चिकटली की सुटत नाही, त्यामुळे पहिली खपली तिथंच धरते. खुराच्या वर, मागच्या खोबणीत सुरू होतं आणि मग घोट्याकडे सरकतं. केसांचे झुपके चिकटतात, खाली ओलं लालभडक, कधी पिवळट पू, हात लावला की पाय झटकते बिचारी.

होतं काय, सतत ओल्यात राहून कातडी मऊ पडते, बारीक चिरा जातात आणि त्यातून जंतू शिरतात. त्यातला मुख्य डर्मॅटोफिलस, पावसात भिजून पाठीवर खपल्या येतात त्याही ह्याचमुळे.

डॉक्टरांनी क्लोरहेक्सिडीन ग्लुकोनेट ४% वालं स्क्रब लिहून दिलं, जे ऑपरेशनच्या आधी हात धुवायला वापरतात तेच, मेडिकलमध्ये मिळतं. कंपनी कुठलीही घ्या, लेबलवर नाव आणि टक्केवारी नीट वाचा कारण तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या अँटिसेप्टिकच्या बाटल्या असतात. आम्ही निम्मं औषध निम्मं पाणी करतो म्हणजे २% होतं. आधी लांब केस कापून घ्यायचे, कोमट पाण्याने चिखल काढायचा, मग फेस करून चोळायचं आणि १० मिनिटं तसंच ठेवायचं. हे १० मिनिटं लोक पाळत नाहीत, लावलं की लगेच पाइप मारतात आणि मग म्हणतात फरक नाही पडला. मोबाईलवर टायमर लावा, तोवर तिला कडबा टाका. खपली मऊ होऊन आपोआप सुटेल तेवढीच काढायची, वाळलेली ओरबाडली की रक्त येतं आणि पुढच्या वेळी घोडी पाय देत नाही. नंतर स्वच्छ पाण्याने धुवायचं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, पाय कोरडा करायचा. जुना सुती टॉवेल घेऊन दाबून दाबून टिपायचा, खोबणीत बोट घालून बघायचं ओल राहिलीये का. माझं तर स्पष्ट मत आहे की निम्मा गुण टॉवेलचा आहे. धुवून परत चिखलात सोडणार असाल तर धुऊच नका. आम्ही शेडपुढे मुरूम टाकून घेतला, धुतल्यावर काही तास तिथंच बांधतो, तेव्हापासून खरा फरक दिसला, नवीन केस छान आले.

ओल्या खपलीवर मलम थापू नका, आत ओल कोंडून राहते. आणि जळकं इंजिन ऑइल लावायचा सल्ला अजूनही सर्रास देतात, कृपा करून लावू नका, कातडी भाजते आणि ती तोंडाने चाटते ते वेगळंच.

एक स्टार का कापला तर वारंवार वापरलं की कातडी कोरडी पडून कोंडा येतो, त्यामुळे खपल्या गेल्या की थांबायचं. आणि डोळ्यात जाऊ द्यायचं नाही, डोळ्याला फार वाईट, तोंडाच्या खपल्यांना हे वापरू नका. हातात ग्लोव्हज घाला, हा जंतू माणसाच्या कातडीलाही लागू शकतो.

शिवाय पायाचं प्रत्येक दुखणं हेच नसतं. थंडीत घोडा रात्री पाय आपटत असेल, पायाला चावत असेल तर पायातल्या बारीक किड्यांचा संशय घ्या, त्याला हे धुणं पुरत नाही, डॉक्टरांकडून कातडी खरवडून तपासून घ्या. माश्या बसून चिघळणारी, आत पिवळे कण असलेली न भरणारी जखम म्हणजे घोडेवाले जिला बरसाती म्हणतात ती, तिचं औषध वेगळं. आणि पायावर एका ओळीत गाठी येऊन फुटायला लागल्या, नाक वाहतंय, ताप आहे, तर बाकीच्या जनावरांपासून लगेच वेगळं बांधा, उघड्या हाताने शिवू नका आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. ग्लँडर्स असू शकतो, तो माणसाला होतो आणि जीवघेणा आहे. गाडीत घालून नेता येत नसेल तर १९६२ टोल फ्री नंबरवर फोन करून विचारा, फिरतं पथक असतं.