उशाशी ठेवायचा टॉर्च: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

नऊ महिन्यांपूर्वी एका रात्री लाईट गेले आणि नेमकी तेव्हाच धाकटीने पलीकडच्या खोलीतून हाक मारली, "आई, कसंतरी होतंय." पलंगाशेजारच्या खणात टॉर्च होता. खटका दाबला, काही नाही. पुन्हा दाबला, झाकण पिळून घट्ट केलं, तळहातावर दोनदा आपटला. तरी काही नाही. शेवटी भिंत चाचपडत निघाले, वाटेत खुर्चीच्या पायावर करंगळी आदळली आणि मी पोहोचेपर्यंत जे व्हायचं ते पांघरुणावर होऊन गेलं होतं.

सकाळी टॉर्च उघडायला घेतला तर झाकण फिरेना. पकडीने फिरवलं तेव्हा आतून पांढरी, खडूसारखी पूड सांडली. सेल फुटले होते. अल्कलाइन सेल नुसता पडून राहिला तरी त्याच्यातलं जस्त हळूहळू झिजतं, त्यातून हायड्रोजन सुटतो, दाब वाढत जातो आणि एक दिवस सील हार मानतं. मग आतलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर पाझरतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड मिळाला की त्याचीच ती पांढरी पूड होते, पोटॅशियम कार्बोनेट. व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने ती निघते, पण माझ्या टॉर्चची स्प्रिंग तोवर गंजून तुटली होती. त्यातून मी एक जुना आणि एक नवा सेल जोडीला घातला होता. टॉर्च चालू असताना जुना आधी संपतो, नवा त्याच्यातून प्रवाह रेटत राहतो आणि जुना फुटायला आणखी एक कारण मिळतं. म्हणजे यात टॉर्चचा काही दोष नव्हता. सेल घालून दोन वर्षं मी तो उघडूनही पाहिला नव्हता.

त्यानंतर तीन वेगवेगळे दिवे माझ्या उशाशी राहून गेले. त्यातला एक राहिला, एक नवऱ्याच्या बाजूला गेला आणि एक गच्चीच्या दाराशी टांगलाय. मोबाईल असताना टॉर्च कशाला, असं मलाही वाटायचं. पण मोबाईलचा दिवा लावायला आधी स्क्रीन उजळते, ती डोळ्यांत जाते, मग बोट योग्य चिन्हावर पडावं लागतं. आणि लाईट गेलेल्या रात्री उरलेलं आठ टक्के चार्जिंग मला फोन करायला हवं असतं.

पहिला टॉर्च आकड्याला भुलून घेतला. १२०० लुमेन (लुमेन म्हणजे दिव्यातून निघणाऱ्या उजेडाचं माप), आत १८६५० सेल (म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब, नावातच माप असतं), यूएसबी-सीने चार्ज होणारा, हातात धरला की वजनदार, भक्कम. दिवसा बघताना फार आवडला. रात्री अडीचला पाण्यासाठी उठले, बटण दाबलं आणि खोलीत वीज पडल्यासारखं झालं. संध्याकाळी नवऱ्याने तो गच्चीवर पूर्ण झोतावर वापरला होता, आणि या टॉर्चला शेवटची पातळी लक्षात ठेवायची सवय होती. घाबरून पुन्हा दाबायला गेले तर दोनदा दाबलं गेलं आणि तो फडफडायला लागला. दोनदा दाबलं की स्ट्रोब, म्हणजे उजेडाची भराभर उघडझाप, असं माहितीपत्रकात लिहिलेलं होतं म्हणे. नवरा ताडकन उठून बसला. बंद कसा झाला ते अजून आम्हा दोघांनाही आठवत नाही.

डोळ्यांचं गणित मी त्यानंतर समजून घेतलं. अंधारात बघायचं काम डोळ्यातल्या रॉड पेशी करतात आणि त्यांना पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. चार तास झोपून उठलेला डोळा पुरता सरावलेला असतो. त्याला अर्धा लुमेनही पुरतो. पावलापुढची जमीन दिसते, दाराची कडी दिसते, चप्पल दिसते. भपकन मोठा झोत मारला की तो सराव तिथल्या तिथे मोडतो, आणि टॉर्च बंद केल्यावर मिट्ट काळोखात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आणखी एक गोष्ट: उजेड दुप्पट वाटावा म्हणून साधारण चौपट लुमेन लागतात. म्हणून १२० लुमेनचे ३० केले तर डोळ्याला तो निम्माच झाल्यासारखा वाटतो, सेल मात्र कितीतरी जास्त पुरतो. तेव्हापासून टॉर्चच्या वेष्टनावर मोठा आकडा मी शेवटी वाचते. आधी सगळ्यात लहान आकडा शोधते, आणि तो पहिल्याच दाबाला मिळतो का ते.

मोठ्या आकड्याबद्दल बोलतेच आहे तर तेही सांगून टाकते. '१२०० लुमेन, ३ तास' असं वाचून १२०० लुमेन तीन तास मिळतील असं मला वाटलं होतं. दोन-तीन मिनिटांत टॉर्च तापला आणि त्याने स्वतःच उजेड उतरवला. एलईडी जळू नये म्हणून तसं करावंच लागतं. टॉर्च मोजायचं एक प्रमाण २००९ मध्ये आलं, एफएल-१ नावाचं. त्यात सुरू केल्यापासून ३० सेकंदांनी उजेड मोजतात, आणि तो त्याच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा सगळा वेळ 'चालण्याचा वेळ' म्हणून धरतात. म्हणजे तिसऱ्या तासाला १२० लुमेन उरले तरी वेष्टनावरचं वाक्य खरंच ठरतं. पल्ला तर त्याहून मजेशीर: उजेड ०.२५ लक्सवर, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उरतो तिथपर्यंतचं अंतर. माझ्या पलंगापासून दारापर्यंत पाच पावलं आहेत.

तरीही मी तो ठेवला असता. पण साडेतीन महिन्यांनी, मध्ये फारसा न वापरताच, तो मेलेला सापडला. त्याचं बटण इलेक्ट्रॉनिक आहे आणि बटणाखाली एक बारीक दिवा कायम तेवत असतो, अंधारात सापडावा म्हणून. कल्पना छान आहे. मीटर लावून पाहिलं तर बंद असतानाही तो सुमारे एक मिलिअँपिअर खात होता. सेल २५०० मिलिअँपिअर-तासांचा. भागाकार केला तर २५०० तास, म्हणजे १०४ दिवस. हिशेब इतका चोख जुळला की रागही येईना. चांगल्या इलेक्ट्रॉनिक बटणाला ५० मायक्रोअँपिअरच, म्हणजे याच्या विसाव्या हिश्श्याइतकेच लागत असतील तर तोच सेल पाच वर्षांहून जास्त तग धरेल (निदान कागदावर, सेल आपला आपणही थोडा उतरत असतोच). त्यामुळे बटण इलेक्ट्रॉनिक म्हणून घेऊच नये असं नाही, पण बंद असताना किती खातो ते लिहिलेलं नसेल तर मी दूर राहीन. मागची टोपी पाव फेरा सैल केली की गळती थांबते, हे खरं. पण मग अर्धवट झोपेत आधी टोपी पिळा आणि मग बटण शोधा. गच्चीच्या दाराशी मात्र तो उत्तम आहे. तिथे आम्ही जागे असतो.

दुसरा म्हणजे डोक्याला बांधायचा हेडलॅम्प. लाल उजेडाच्या मोहात घेतला. रॉड पेशींना गडद लाल जवळजवळ दिसतच नाही, त्यामुळे मंद लाल उजेडात डोळ्यांचा सराव मोडत नाही, हे अगदी बरोबर आहे. पण एका रात्री धाकटीचं तापाचं औषध शोधताना बाटलीवरची लाल अक्षरं चक्क नाहीशी झाली. लाल उजेडात पांढरा कागदही लाल आणि लाल शाईही लाल, मग अक्षर दिसणार कशात? औषधाच्या बाबतीत हा खेळ नको. शिवाय हेडलॅम्पवाल्या माणसाने प्रेमाने आपल्याकडे पाहिलं की आपण आंधळे होतो. नवऱ्याला मात्र तो पसंत आहे, कारण दोन्ही हात मोकळे राहतात. चादर बदलायची वेळ आली तर मीही तोच मागून घेते, कबूल आहे.

आता उशाशी आहे तो तिसरा, गेल्या सहा महिन्यांपासून. दिसायला अगदीच सामान्य. एका एए सेलवर चालतो, मुठीत मावतो, मागे साधं कटकट वाजणारं बटण. हे बटण खरोखर तार तोडतं, त्यामुळे बंद असताना काहीच खात नाही. दर वेळी सगळ्यात मंद पातळीवरच सुरू होतो, सुमारे एक लुमेन. बटण अर्धं दाबलं की पुढची पातळी, मग त्याच्या पुढची, जेमतेम १२० लुमेन. स्ट्रोब नाही. आठवणही नाही, काल कुणी कसा वापरला याच्याशी त्याला देणंघेणं नाही. उजेड पिवळसर आहे, निळसर पांढरा नाही, आणि हा फरक मला अपेक्षेपेक्षा जास्त जाणवला. निळा उजेड शरीराच्या घड्याळाला दिवस उजाडल्याची वर्दी देतो. पिवळ्या मंद उजेडात पाणी पिऊन आले तर पुन्हा झोप लागते.

सेल रिचार्जेबल, निकेल मेटल हायड्राइड, पण साधा नव्हे. साधे पडल्या पडल्या काही आठवड्यांत बरेच उतरतात. २००५ मध्ये सान्यो कंपनीने एनेलूप नावाचा सेल आणला तेव्हापासून वर्षभर पडूनही बहुतेक चार्ज धरून ठेवणारे सेल मिळायला लागले, तसला घ्यावा. त्याचा दाब १.५ ऐवजी १.२ व्होल्ट असतो. या टॉर्चला ते चालतं, सगळ्यांना चालेलच असं नाही. आणि एक खबरदारी: १४५०० नावाचा लिथियम-आयन सेल दिसायला एएसारखाच असतो, पण दाब ३.७ व्होल्ट. टॉर्चवर तो चालतो असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर आत घालू नये, सर्किट जळू शकतं. मी दर दोन महिन्यांनी सेल बदलते. एकदाही तो संपलेला निघाला नाही.

तक्रारी आहेतच. मागचं बटण बाहेर आल्यामुळे तो उभा राहत नाही. उभा राहणारा टॉर्च छताकडे तोंड करून ठेवला की सगळी खोली मऊ उजळते, ती सोय गेली. मी तो रिकाम्या पेल्यात उभा करते. गोल असल्याने गडगडत पलंगाखालीही जायचा. क्लिप लावल्यावर ते थांबलं. आणि मध्यंतरी एकदा एकदम लुकलुकायला लागला, माझ्या पोटात गोळाच आला. मागच्या टोपीचे आटे काळे पडले होते. फडक्याने पुसले, सिलिकॉन ग्रीसचं एक बोट फिरवलं, तेव्हापासून ठीक.

अंधारात सापडावा म्हणून त्याला चमकणाऱ्या पट्टीचा तुकडा चिकटवला होता. झोपताना ती हिरवीगार असते, पहाटेपर्यंत अंदाजानेच दिसते. त्याहून उपयोगी ठरला तो एक खिळा. पलंगाच्या कडेला, हात खाली सोडला की बोटं टेकतात तिथे, दोरीचा फास करून टॉर्च टांगलाय. आता डोळे न उघडता मिळतो. खणातून काढून खिळ्यावर आणणं, एवढा एकच बदल करायचा असेल तर हा करा.

सासऱ्यांसाठी मात्र हा टॉर्च चालला नाही. अण्णांचे सांधे आखडलेत, मागचं बटण त्यांच्या अंगठ्याला दाबवत नाही. "ती पुढे सरकवायच्या खटक्याची बॅटरी नाही का मिळत?" त्यांनी विचारलं. त्यांच्या पिढीत टॉर्च म्हणजे बॅटरी आणि बॅटरी म्हणजे सेल, हे ज्याला माहीत नाही त्याने दुकानात मदतीला जाऊ नये. मिळाली. प्लॅस्टिकची, हलकी, दोन एए सेलची, एकाच पातळीची. त्यात १.५ व्होल्टचे लिथियम सेल घातले. हे एकदा वापरून टाकायचे असतात, पण वर्षानुवर्षं पडून राहिले तरी अल्कलाइनसारखे फुटायची भीती फार कमी. झोत त्यांना प्रखर वाटायचा, म्हणून काचेवर आतून ट्रेसिंग पेपरची गोल चकती कापून बसवली. आता ते रोज रात्री झोपण्यापूर्वी खटका एकदा पुढे, एकदा मागे करून बघतात आणि मगच आडवे होतात. मला आधी हसू यायचं. गेल्या महिन्यापासून मीही तसंच करते.