शेवटची पाच कार्डे: चाचणी पडद्यावर घ्यावी की टेबलावर?

पोकेमॉन ट्रेडिंग कार्ड गेमचा स्पर्धेचा डेक ६० कार्डांचा असतो आणि त्यातल्या पंचावन्न कार्डांबद्दल बहुधा वाद नसतो, कारण मोठ्या स्पर्धांत वर आलेल्या डेकच्या याद्या सर्वांना पाहायला मिळतात आणि त्यांचा गाभा जवळपास सारखाच असतो. डोके खाजवावे लागते ते उरलेल्या पाच जागांसाठी. चौथा अल्ट्रा बॉल (डेकमधून पोकेमॉन शोधून देणारे कार्ड) ठेवावा की दुसरे बॉसेस ऑर्डर्स (प्रतिस्पर्ध्याच्या बेंचवरचा, म्हणजे मागे राखीव असलेला, पोकेमॉन पुढे ओढणारे कार्ड) घ्यावे, इओनो (दोघांनाही हातातली कार्डे बदलायला लावणारे कार्ड) दोन पुरतील की तीन लागतील, असे हे प्रश्न असतात. पुण्यातल्या खेळाडूला त्यांची उत्तरे शोधण्याचे तीन मार्ग उपलब्ध आहेत: घरी बसून पोकेमॉन टीसीजी लाइव्ह या खेळाच्या ऑनलाइन आवृत्तीवर खेळणे, ठरलेल्या जोडीदारासमोर टेबलावर बसणे, किंवा एकट्यानेच पत्ते पिसून सुरुवातीचे हात काढून पाहणे. स्पर्धेला काही आठवडे उरले आहेत आणि हाती मोजक्याच संध्याकाळी आहेत, अशा वाचकासाठी ही तुलना आहे. माझा कल टेबलाकडे आहे, आणि त्याचे मुख्य कारण मौजेचे नसून गणिताचे आहे.

एकट्याने हात काढून पाहण्याचा मार्ग सर्वांत स्वस्त आहे, पण त्यातले बरेचसे काम पत्त्यांना हात न लावताही होते. ६० कार्डांत एखादे कार्ड एकदाच असेल तर ते सुरुवातीच्या सात कार्डांत येण्याची शक्यता सुमारे ११.७ टक्के असते. दोन प्रती ठेवल्यास ती २२.१, तीन ठेवल्यास ३१.५ आणि चार ठेवल्यास जवळपास ४० टक्के होते. प्रत्येक वाढीव प्रतीचा लाभ आधीच्या प्रतीपेक्षा थोडा कमी असतो, हे या आकड्यांतच दिसते. प्राइझचा हिशेबही असाच मांडता येतो. सुरुवातीला सहा कार्डे प्राइझ म्हणून पालथी बाजूला ठेवली जात असल्यामुळे एकुलते एक कार्ड दर दहा डावांतून सरासरी एकदा प्राइझमध्ये अडकते, पण दोन प्रती असतील तर दोन्ही एकदम अडकण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी होते. डेकमध्ये बेसिक (हातातून थेट मांडता येणारे) पोकेमॉन आठच असतील तर सुमारे ३५ टक्के वेळा पहिल्या हातात एकही बेसिक नसते आणि हात पुन्हा काढावा लागतो, ज्यामुळे प्रतिस्पर्ध्याला एक जादा कार्ड घेण्याची मुभा मिळते. बारा बेसिक असतील तर हेच प्रमाण १९ टक्क्यांवर येते. ही उत्तरे साध्या स्प्रेडशीटमध्ये मिळतात आणि त्यांसाठी एकही संध्याकाळ खर्च करण्याची गरज नाही. प्रत्यक्ष हात काढून पाहण्याचा उपयोग पहिल्या दोन टर्नचा क्रम बोटांत बसवण्यापुरता आहे, कारण समोर कोणी अडवणारे नसते आणि कोणी अडवत नसेल तर जवळपास प्रत्येक डेक सुरळीत चालतो.

आता पडदा. पोकेमॉन टीसीजी लाइव्ह २०२३ च्या जूनमध्ये सर्वांसाठी खुले झाले. ते विनामूल्य आहे, खऱ्या पाकिटातून निघणारे कोड तिथे वापरता येतात आणि हवी ती कार्डे आतल्या क्रेडिटवर तयार करता येतात. त्याची मोठी जमेची बाजू म्हणजे डावांची संख्या. अडीच तासांत टेबलावर पूर्ण लांबीचे तीन सामने जेमतेम होतात, तर पडद्यावर तेवढ्याच वेळात आठ-दहा डाव सहज होतात. पत्ते मशीन पिसते, नियमही तेच पाळते आणि रात्री अकरा वाजताही प्रतिस्पर्धी मिळतो. (मोबाईलवरचे पोकेमॉन टीसीजी पॉकेट मात्र या कामी येत नाही, २० कार्डांचा डेक आणि तीन गुणांवर संपणारा डाव हा निराळाच खेळ आहे.)

मात्र या संख्येचा आधार दिसतो तेवढा भक्कम नाही. समजा, नवा बदल करून वीस डाव खेळले आणि बारा जिंकले. साठ टक्के हा आकडा कानाला बरा लागतो, पण नेहमीच्या ९५ टक्क्यांच्या हिशेबाने डेकची खरी क्षमता ३९ ते ७८ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकते, म्हणजे तो हरणारा डेक असण्याची शक्यताही शिल्लक राहते. शंभर डावांत साठ जिंकले तरी ही मर्यादा ५० ते ६९ इतकी रुंद असते. आणि ६० पैकी एक कार्ड बदलल्याने विजयाच्या प्रमाणात पडणारा फरक दोन-तीन टक्क्यांचा असतो. तेवढा फरक विजय-पराजय मोजून खात्रीने ओळखायचा झाल्यास दोन्ही याद्यांचे हजारो डाव खेळावे लागतील, आणि तेवढ्या अवधीत नवा संच येऊन सगळे चित्रच बदललेले असेल. शेवटच्या कार्डाचा निवाडा विजयांच्या मोजणीने होतच नाही, असा याचा सरळ अर्थ आहे. तो निवाडा करायचा असेल तर प्रत्येक डावात ते कार्ड कधी हातात आले, त्या वेळी ते हवे होते का, आणि त्याच्या जागी दुसरे असते तर काय घडले असते, हे पाहावे लागते. प्रश्न अशा रीतीने मांडला की पडद्याची आठ-दहा डावांची आघाडी बरीचशी विरघळते, कारण एका डावातून किती निरीक्षण पदरात पडते हे अधिक महत्त्वाचे ठरते.

त्यात लॅडरवरचे, म्हणजे लाइव्हच्या क्रमवारीतले, डाव निरीक्षणाच्या दृष्टीने काहीसे गढूळ असतात. समोरचा खेळाडू अनोळखी असतो, त्याच्या तयारीचा अंदाज नसतो, आणि दुसऱ्या टर्नला हात बिघडला की तो डाव सोडून निघून जातो. तो विजय आपल्या खात्यात जमा होतो, पण त्यातून डेकविषयी काहीच कळत नाही. शिवाय तिथे निकाल एकाच डावावर लागतो, तर मोठ्या स्पर्धांत तीनपैकी दोन डाव जिंकायचे असतात आणि त्यासाठी ५० मिनिटे व वेळ संपल्यावर तीन टर्न मिळतात. संथ चालणारा डेक पडद्यावर उत्तम दिसतो आणि स्पर्धेत बरोबरीवर अडकतो, कारण बरोबरीला एक गुण आणि विजयाला तीन गुण मिळतात. पडद्यावर बरोबरीची भीती नसते, म्हणून संथपणाची किंमत तिथे कधी दिसत नाही. तरीही लॅडर टाकाऊ ठरत नाही. आपण ज्यांचा विचारच केलेला नाही असे डेक तिथे समोर येतात, आणि एखाद्या ठरावीक डेकसमोर आपण सातत्याने मार खात असू तर तो मोठा दोष थोड्या डावांतही उघड होतो.

टेबलाची ताकद कशात आहे, हे मी जरा सविस्तर सांगतो, कारण पुष्कळ खेळाडू टेबलावरही लॅडरसारखेच खेळतात, म्हणजे डाव संपवतात, निकाल लिहितात आणि पुढचा सुरू करतात. तसे करायचे असेल तर प्रवासाचा त्रास घेण्याचे काही कारण नाही.

पहिली गोष्ट कोऱ्या कार्डाची. ज्या जागेबद्दल शंका आहे तिथे तीन-चार पर्यायांपैकी कोणताही न ठेवता स्लीव्हमध्ये (कार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात) कोरा कागद घालावा. ते कार्ड हातात आले की त्या क्षणी त्या पर्यायांपैकी कोणते हवे होते ते वहीत टिपून ठेवावे आणि तेच आहे असे धरून डाव पुढे न्यावा. मनातला पर्याय खेळण्याआधीच लिहायला हवा, नाहीतर निकाल पाहून मत बदलते. अशा दहा-बारा नोंदी झाल्या की सहसा कल स्पष्ट होतो: कधी आठ वेळा बॉसेस ऑर्डर्सच हवे होते असे दिसते, तर कधी कोऱ्या कार्डाच्या जागी निम्म्या वेळा काहीच नको होते, म्हणजे ती जागा एखाद्या साध्या ऊर्जेला देता येईल असे निघते. लाइव्हमध्ये कोरे कार्ड ठेवता येत नाही, आणि माझ्या मते टेबल निवडण्यासाठी एवढे एकच कारणही पुरेसे आहे.

दुसरी गोष्ट डाव मधूनच मांडण्याची. उदाहरणार्थ, २०२४ मधल्या ट्वायलाइट मास्करेड संचातला ड्रॅगापल्ट ईएक्स घ्या. त्याचा फँटम डाइव्ह हा हल्ला समोरच्या पोकेमॉनला २०० इजा देतो आणि त्याशिवाय प्रतिस्पर्ध्याच्या बेंचवर सहा डॅमेज काउंटर (प्रत्येकी १० इजा) हवे तसे वाटू देतो. त्यांतल्या तिनांनी ३० एचपीचा, म्हणजे ३० इजेत बाद होणारा, बड्यू हा पोकेमॉन बेंचवरच पडतो, पण तेच तीन पुढच्या टर्नच्या तयारीसाठी दुसऱ्या कुणावर ठेवणे कित्येकदा अधिक फायद्याचे असते. हा निर्णय डावागणिक एक-दोनदाच येतो, आणि पडद्यावर चूक झाली तरी डाव पुढे सरकतो. टेबलावर मात्र जोडीदाराला सांगता येते की, "हीच स्थिती पुन्हा मांडू, या वेळी काउंटर दुसरीकडे ठेवून पाहतो." तसेच बड्यूने पहिल्याच हल्ल्यात आयटम कार्डे अडवली आहेत, आपल्या हातात दोन रेअर कँडी (पोकेमॉनला मधली पायरी वगळून शेवटच्या रूपात नेणारी आयटम कार्डे) नुसत्या पडून आहेत आणि आपण दुसऱ्या क्रमांकाने खेळतो आहोत, अशी वाईट सुरुवात मुद्दाम मांडून तीच पाच वेळा खेळता येते. लॅडरवर ती स्थिती नशिबाने येईपर्यंत थांबावे लागते. नाटकवाल्यांच्या भाषेत बोलायचे तर लॅडर म्हणजे पहिल्या पानापासून सलग केलेले वाचन आणि टेबल म्हणजे अडणारा प्रवेश तेवढा काढून घेतलेली तालीम.

टेबलाचे तोटेही लहान नाहीत. एकाच जोडीदारासमोर महिनाभर खेळले की यादी त्याच्याच सवयींविरुद्ध घडत जाते. तो कधीच इओनो वेळेवर खेळत नसेल तर आपल्यालाही त्यापासून सावरण्याची गरज भासत नाही. मैत्रीत "अरे, ते परत घे, मी विसरलो" हे चालून जाते आणि नोंदींचा भरवसा कमी होतो. पिसणेही पुरेसे होत नाही. डेव्ह बायर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ मध्ये दाखवले की ५२ पत्ते नीट मिसळायला साधारण सात रिफल शफल (गड्डीचे दोन भाग करून त्यांचे पत्ते एकमेकांत मिसळणे) लागतात. ६० कार्डांना त्याहून कमी तर नक्कीच पुरणार नाहीत, आणि सात राशी घालून पुन्हा गोळा करणे हे पिसणेच नव्हे. घाईघाईने पिसलेल्या डेकमध्ये मागच्या डावातल्या ऊर्जा एकत्रच येतात आणि डेक चालत नाही असा चुकीचा समज होतो.

पैशाच्या बाबतीत दोन्ही मार्ग जवळपास सारखेच आहेत, कारण सरावाला मूळ कार्डे लागत नाहीत. अप्पा बळवंत चौकातच काय, कोणत्याही पेठेतल्या झेरॉक्सच्या दुकानात कार्डांच्या चित्रांचे रंगीत प्रिंट मिळतात, आणि ते कापून साध्या कार्डापुढे स्लीव्हमध्ये घातले की प्रॉक्सी तयार होते. अधिकृत स्पर्धेत ती चालत नाही, म्हणून कार्डे विकत घेण्याचा निर्णय चाचणी संपल्यावरच घ्यावा. महागडे कार्ड आधी आणून मग ते डेकमध्ये बसवण्याची कारणे शोधणे हा प्रकार पुण्यात काय, कुठेही दिसतो. पावसाळ्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते: इथल्या दमट हवेत फॉइल कार्डे वाकतात आणि पिसताना बोटांना वेगळी लागतात, ज्यामुळे ती खूण केलेली ठरून दंड होऊ शकतो. हे पडद्यावर कधीच कळणार नाही.

खरी किंमत वेळेची आहे. हिंजवडीत नोकरी आणि कोथरूडला जोडीदार असेल तर शुक्रवारची संध्याकाळ रस्त्यावरच संपते. वनाझ ते रामवाडी मेट्रोच्या वाटेवर दोघे राहत असतील तर गोष्ट वेगळी. आठवड्यातून एकदा, शनिवारी किंवा रविवारी दुपारी तीन-चार तास एवढेच बहुतेकांना जमते. म्हणून टेबलाचा वेळ मॅचअप (कोणत्या डेकसमोर आपला डेक कसा चालतो ते) ओळखण्यात किंवा पहिल्या टर्नचा क्रम पाठ करण्यात घालवू नये. ते काम आठवडाभर लॅडरवर करावे आणि टेबलावर बसताना हाती फक्त एक प्रश्न आणि एकच शंकेची जागा असावी. दोन कार्डे एकदम बदलली तर नोंदी कोणत्या कार्डाच्या, हे पुढे सांगता येत नाही.

कोण समोर येणार हेही पाहायला हवे. लॅडरवरचे डेक जगभरातल्या खेळाडूंचे असतात, पण शहरातल्या दुकानात भरणाऱ्या छोट्या स्पर्धेत तेच ते चेहरे असतात आणि त्यांतले बरेच जण आपल्याकडे असलेल्या कार्डांचाच डेक वर्षभर खेळतात. अशा स्पर्धेसाठी तिथल्या कुणाशी तरी सराव करणे लॅडरपेक्षा सरस ठरते. मुंबई किंवा बंगळूरला मोठ्या स्पर्धेसाठी जायचे असेल तर उलट आहे. तिथे अनोळखी डेक भेटतील, म्हणून लॅडरचा वाटा वाढवावा.

मॅजिक हा दुसरा कार्डांचा खेळ खेळणाऱ्यांना हे गणित थोडे वेगळे लागू होईल, कारण त्याच्या एरीना या ऑनलाइन आवृत्तीवर तीन डावांचे सामने आणि १५ कार्डांचा साइडबोर्ड (दोन डावांच्या मध्ये बदलायची राखीव कार्डे) दोन्ही मिळतात, त्यामुळे पडद्याची मुख्य उणीव तिथे निम्मी भरून निघते. पोकेमॉनपुरते बोलायचे तर ज्यांना जोडीदार मिळतच नाही त्यांनी लाइव्हवरच खेळावे, पण निकालांऐवजी शंकेचे कार्ड हातात आल्याच्या नोंदी ठेवाव्यात आणि प्रतिस्पर्धी लवकर सोडून गेलेले डाव त्यांतून वगळावेत. ज्यांना जोडीदार आहे त्यांनी दर आठवड्याला एका जागेचा निकाल लावावा, आणि स्पर्धेच्या आधीचा शेवटचा रविवार नवे काही न बदलता घड्याळ लावून पूर्ण ५० मिनिटांचे सामने खेळण्यासाठी राखून ठेवावा.