मध्यम आकाराच्या एसयूव्हीतले ऑफ-रोड बदल: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

शिडीसारखी लॅडर-फ्रेम चॅसिस, पुढे स्वतंत्र सस्पेन्शन, मागे अखंड अ‍ॅक्सल आणि लो रेंजसह (कमी वेगात जास्त जोर देणाऱ्या गिअरसह) फोर-व्हील-ड्राइव्ह एवढे असलेली मध्यम आकाराची एसयूव्ही कारखान्यातून बाहेर पडते तेव्हाच बऱ्याचशा कच्च्या वाटा पार करण्याजोगी असते. अशा गाडीला मी मोठे टायर, सुमारे ४५ मिलिमीटरची लिफ्ट (सस्पेन्शनची वाढवलेली उंची), पोटाखालच्या संरक्षक स्किड प्लेट, दरवाजांखालचे मजबूत आडवे पाइप म्हणजे रॉक स्लायडर, मागच्या डिफरेन्शियलचा (दोन्ही चाकांत जोर वाटणाऱ्या गिअर-जुळणीचा) लॉकर, म्हणजे दोन्ही चाके एकत्र बांधून फिरवणारी यंत्रणा, आणि लांबवलेल्या ब्रीदर नळ्या (आतली हवा ये-जा करण्याच्या) बसवल्या. हे सगळे आता दगड, चिखल, वाळू आणि रोजचा डांबरी रस्ता यांतून बरेच महिने गेले आहे. या काळात पक्के झालेले माझे मत असे की, गाडीच्या तळाशी आणि चाकांपाशी केलेला खर्च वसूल होतो. गाडीच्या वरच्या अंगाला केलेला बहुतेक खर्च फक्त वजन वाढवतो.

सर्वांत मोठा फरक टायरांनी पडला, आणि तो दुसऱ्या कोणत्याही बदलापेक्षा स्पष्टपणे जाणवतो. मूळचे २४५/७० आर १६ मापाचे रस्त्यासाठीचे टायर काढून २६५/७० आर १६ मापाचे ऑल-टेरेन टायर घेतले. हिशेबाने चाकाचा व्यास सुमारे ७४९ मिलिमीटरवरून ७७७ मिलिमीटरवर गेला, म्हणजे गाडी जमिनीपासून फक्त १४ मिलिमीटर उंच झाली. ऐकायला हे क्षुल्लक वाटते. पण मागच्या अखंड अ‍ॅक्सलवरचा डिफरेन्शियलचा गोळा उंच करण्याचा हाच एक सोपा मार्ग आहे, कारण स्प्रिंग कितीही उंच घातल्या तरी अ‍ॅक्सल चाकांच्या मध्यावरच राहतो. लिफ्ट किट विकणारे ही गोष्ट फारशी बोलून दाखवत नाहीत. मड-टेरेन टायर मी मुद्दाम टाळले. गाळात ते निश्चित सरस ठरतात, परंतु ओल्या डांबरावर त्यांची पकड कमी असते आणि लांबच्या प्रवासात त्यांचा घूं-घूं आवाज डोके उठवतो. ऑल-टेरेनमध्येही जाड, मजबूत बाजूभिंतीचा प्रकार निवडला, कारण दगडाळ वाटेवर टायर तळव्याला कमी आणि बाजूला जास्त फाटतो.

मोठ्या टायरमुळे स्टीअरिंग पूर्ण वळवून गाडी मागे घेताना पुढच्या चाकाची कड मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिकला खर्र-खर्र घासू लागली. प्लॅस्टिक गरम हवेने मऊ करून आत दाबल्यावर आणि एक क्लिप मागे सरकवल्यावर घासणे थांबले. हे माप घेऊ इच्छिणाऱ्याने मात्र चाचणी सपाट जागेवर करून समाधान मानू नये. एक चाक उंच दगडावर चढवून, सस्पेन्शन दाबलेल्या अवस्थेत स्टीअरिंग दोन्ही टोकांना फिरवून पाहावे.

टायरांइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्यांतली हवा. रस्त्यावर ३५ पीएसआय ठेवतो, दगडाळ चढावर २० ते २२ आणि मोकळ्या वाळूत १६ ते १८. हवा कमी केली की टायरचा जमिनीला टेकणारा भाग रुंदीपेक्षा लांबीने अधिक वाढतो, टायर दगडाभोवती बसतो आणि गाडीच्या आतले हादरेही निम्म्यावर आल्यासारखे वाटतात. साध्या रिमवर १५ पीएसआयच्या खाली जाण्याचे धाडस मी करत नाही, कारण तिरक्या उतारावर टायरची कड रिमवरून निसटण्याचा धोका असतो. कमी हवेवर वेग आवरता ठेवावा लागतो, वळणे सावकाश घ्यावी लागतात, आणि डांबरी रस्ता लागण्यापूर्वी हवा पुन्हा भरावीच लागते. तसे न केल्यास बाजूभिंत सतत दुमडून तापते. यासाठीचा कॉम्प्रेसर थेट बॅटरीला चिमट्यांनी जोडणारा असावा. सिगारेट-लायटरच्या सॉकेटवर चालणारे लहान पंप चार मोठे टायर भरताना दमतात किंवा फ्यूज उडवतात.

लिफ्टबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांत सर्वाधिक अंतर येथेच पडते. गाडीचे पोट टेकणे हा मध्यम एसयूव्हीचा खरा त्रास असतो. २७५० मिलिमीटरचा व्हीलबेस आणि पोटाखाली २२० मिलिमीटर जागा असेल, तर उंचवट्याचा माथा ओलांडण्याचा कोन सुमारे १८ अंश येतो. टायर आणि लिफ्ट मिळून जागा २८० मिलिमीटरच्या आसपास गेली की तोच कोन २३ अंशांपर्यंत पोहोचतो. ज्या बांधावर पूर्वी गाडी मधोमध टेकून चारही चाके हलकी व्हायची, तो आता ती अलगद उतरते. हा लाभ मोठा आहे. त्याची किंमत मात्र पुढच्या सस्पेन्शनला मोजावी लागते: ड्राइव्ह शाफ्टचे सांधे अधिक तिरक्या कोनात फिरतात, वरच्या कंट्रोल आर्मचा बॉल जॉइंट आपल्या हालचालीच्या टोकाशी पोहोचतो, आणि कॅस्टर (स्टीअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) कमी झाल्यामुळे सरळ रस्त्यावर स्टीअरिंग भिरभिरल्यासारखे वाटते. सुधारित कोनाचे कंट्रोल आर्म बसवल्यानंतरच अलाइनमेंट मर्यादेत आले. कॉइल स्प्रिंग असलेला मागचा अ‍ॅक्सल उंची वाढताच पॅनहार्ड रॉडमुळे (त्याला बाजूने धरून ठेवणाऱ्या आडव्या दांड्यामुळे) किंचित एका बाजूला सरकतो, म्हणून तो रॉडही लांबी जुळवता येणारा घ्यावा लागला. ब्रेकच्या नळ्या आणि एबीएसच्या वायरी चाक पूर्ण लोंबकळल्यावर ताणल्या जात नाहीत ना, हे पाहणे तर अनिवार्य आहे. हेडलाइटचा झोत खाली घ्यावा लागतो, आणि गाडीत कॅमेरा-रडारवर चालणारी सुरक्षा यंत्रणा असल्यास तिचे कॅलिब्रेशन पुन्हा करून घ्यावे लागते. या साऱ्या कारणांमुळे ५० मिलिमीटरच्या पुढे जाण्यात मला शहाणपण दिसत नाही.

स्प्रिंगची निवड नेहमीच्या भारानुसार करावी. विक्रेते सहसा जड भाराच्या स्प्रिंग सुचवतात. त्या घालून गाडी रिकामी चालवली की प्रत्येक गतिरोधकावर मागची बाजू उडते आणि कच्च्या वाटेवर चाक जमिनीवर टिकत नाही. मी मध्यम भाराच्या घेतल्या आणि त्या योग्य ठरल्या.

पोटाखाली ४ मिलिमीटर जाडीची पोलादी प्लेट इंजिन, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी पेटी) या तिन्हींखाली आहे. अ‍ॅल्युमिनियमची प्लेट हलकी असते, पण दगडावर घसरण्याऐवजी ती कधीकधी त्यात रुतते. पोलादी प्लेट खरवडते आणि पुढे सरकते. तिच्यावर साचणारा चिखल हा एक नकोसा भाग आहे. वाळल्यावर तो विटेसारखा घट्ट होतो आणि उष्णताही अडवतो, त्यामुळे प्लेटला धुण्यासाठी आणि ऑइल काढण्यासाठी पुरेशी छिद्रे आहेत की नाहीत, हे खरेदीपूर्वीच तपासावे. रॉक स्लायडर चॅसिसला बोल्टने बसणारेच घ्यावेत. पाय ठेवण्याच्या नेहमीच्या पायऱ्या त्यांच्यासारख्या दिसतात खऱ्या, परंतु दगडावर गाडीचे वजन आले की त्या वाकून दरवाजाच्या खालच्या पत्र्यात शिरतात.

लॉकरचे महत्त्व कळण्यासाठी साध्या डिफरेन्शियलचा स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. तो दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. त्यामुळे एक चाक हवेत असेल आणि त्याला फिरायला काहीच जोर लागत नसेल, तर जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच नगण्य जोर मिळतो. तिरक्या नाल्यात पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक एकाच वेळी उचलले गेले की फोर-व्हील-ड्राइव्ह असूनही गाडी जागच्या जागी चाके फिरवत उभी राहते. ट्रॅक्शन कंट्रोल अशा वेळी फिरत्या चाकाला ब्रेक लावून जोर दुसरीकडे पाठवते, पण त्यासाठी आधी चाक फिरावे लागते. खालून कर्र-कट्-कट् असा आवाज येत राहतो, माती उडते, आणि चालकाने घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की सगळे पुन्हा पहिल्यापासून. लॉकर लावल्यावर हाच नाला गाडी जवळजवळ मोकळ्या इंजिनच्या वेगावर, एकही दगड न उडवता चढून जाते. वाटेची झीज कमी होते, हा मला त्याचा सर्वांत आवडलेला गुण. लॉकर अडथळ्याच्या आधी लावावा, अडकल्यावर नव्हे. आणि कडक जमिनीवर तो लगेच काढावा, अन्यथा मागची दोन्ही चाके गाडीला सरळ रेटत राहतात आणि वळण घेणे अवघड होते.

पाण्याच्या बाबतीत स्नॉर्कलपेक्षा ब्रीदर नळ्या मला अधिक गरजेच्या वाटल्या. तापलेला अ‍ॅक्सल थंड ओढ्यात उतरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर पाण्याखाली असेल तर सीलमधून पाणी आत खेचले जाते. तेल दुधाळ झाल्यावरच ते लक्षात येते. नळ्या इंजिनच्या खोलीत उंचावर नेणे हे स्वस्त आणि अल्प वेळाचे काम आहे. स्नॉर्कल इंजिनच्या हवेचे तोंड वर नेतो, एवढेच. अल्टरनेटर, वायरिंग आणि कंट्रोल युनिट आहेत तेथेच राहतात.

अडकलेली गाडी काढण्याच्या साहित्यात सर्वप्रथम चॅसिसला बसवलेले, क्षमता ठरलेले रिकव्हरी पॉइंट पुढे आणि मागे असले पाहिजेत. वाहतुकीदरम्यान गाडी बांधण्यासाठी दिलेल्या कड्या झटक्याच्या ओढीसाठी नसतात, आणि ट्रेलरच्या बॉलला दोर अडकवणे तर जीवघेणे आहे. तो बॉल तुटून गोळीसारखा सुटल्याने माणसे दगावली आहेत. नायलॉनचा कायनेटिक दोर सुमारे ३० टक्क्यांपर्यंत ताणला जातो आणि झटका मऊ करतो, म्हणून तो एक, दोन सॉफ्ट शॅकल (दोर अडकवण्याचे दोरखंडी फासे) आणि फावडे कायम गाडीत असते. प्रत्यक्षात सर्वाधिक उपयोग फावड्याचाच झाला. विंच, म्हणजे दोर गुंडाळून गाडी ओढणारे यंत्र, मी बसवलेला नाही. त्याची क्षमता गाडीच्या एकूण भारित वजनाच्या दीडपट असावी असा सर्वमान्य हिशेब आहे, आणि तो व त्यासाठीचा बंपर मिळून नेमका पुढच्या अ‍ॅक्सलवर भार टाकतात. दुसरी गाडी सोबत असताना मला त्याची उणीव भासली नाही. एकट्याने जाणाऱ्याचे गणित अर्थातच वेगळे असेल.

छतावरचे कॅरियर काही आठवडे लावून पाहिले आणि काढून टाकले. छताची भारमर्यादा आधीच कमी, त्यात कॅरियरचे स्वतःचे वजन वजा होते, आणि तिरक्या वाटेवर गाडीचा कल बसल्या जागी जाणवण्याइतका वाढतो.

रोजच्या वापरात गाडी आता आळसावलेली वाटते. टायर मोठे आणि जड असल्याने गिअर उंच झाल्यासारखे होतात आणि ब्रेकवर पाय थोडा लवकर ठेवावा लागतो. मायलेज लिटरला १२.४ किलोमीटरवरून १०.४ वर आलेले दिसते. परंतु नव्या टायरमुळे ओडोमीटर सुमारे ३.७ टक्के कमी अंतर मोजतो, हे धरल्यास खरा आकडा १०.८ च्या जवळ जातो. याच कारणाने काटा १०० दाखवतो तेव्हा वेग १०३ च्या वर असू शकतो.

देखभाल निश्चितपणे वाढली आहे. प्रत्येक खडतर फेरीनंतर स्किड प्लेट, कंट्रोल आर्म आणि स्लायडरचे बोल्ट पाहावे लागतात. त्यासाठी प्रत्येक नट आणि बोल्टवरून पांढऱ्या रंगाची एक सलग रेघ ओढून ठेवली आहे. रेघ तुटलेली दिसली की तो नट फिरला, हे पाना न लावताच कळते. पहिल्या काही आठवड्यांत तीन रेघा तुटल्या, त्यानंतर एकही नाही. ड्राइव्ह शाफ्टच्या रबरी बुटांना मात्र वाढलेल्या कोनामुळे घड्यांवर बारीक भेगा दिसू लागल्या आहेत, आणि पुढच्या सर्व्हिसला ते बदलायचे ठरवले आहे.