जबड्याचं दुखणं आणि फिजिओथेरपी: सात महिन्यांनंतर

सुरुवात कानापासून झाली. उजव्या कानात ठणका, तपासलं तर कान स्वच्छ. दाताच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, दाढाही ठणठणीत. मग त्यांनी कानापुढे बोट ठेवून मला तोंड उघडायला लावलं, तेव्हा 'कट्' झालेलं त्यांच्या बोटाला जाणवलं. दुखत होता तो जबड्याचा सांधा, टीएमजे.

आधी एका ठिकाणी तीन आठवडे नुसता मशीनचा शेक घेतला. तिथे कुणी तोंड उघडूनसुद्धा पाहिलं नाही, याचा मला अजून राग येतो. दुसऱ्या फिजिओथेरपिस्टनी पहिल्याच दिवशी पट्टी लावली: 28 मिलिमीटर. साधारण 40 च्या आसपास तरी उघडायला हवं. घरच्या घरी बघायचं तर आपलीच तीन बोटं उभी मावतात का ते पाहा. माझी जेमतेम दोन शिरत होती, आणि आरशात हनुवटी उजवीकडे सरकताना दिसायची.

ग्लोव्ह घालून गालाच्या आतून स्नायू दाबतात तेव्हा चांगलंच दुखतं. पहिल्या दोन वेळा डोळ्यांतून पाणी आलं. घरचा व्यायाम मात्र सोपा: 'न' म्हणताना जीभ जिथे टेकते तिथेच ठेवायची आणि ती सुटू न देता तोंड हळूहळू उघडायचं. दिवसातून सहा वेळा, दर वेळी सहादा.

दीड महिना एवढंच केलं आणि फरक पडेना. कारण खरा घोळ दिवसभर चालू होता. जेवणं-गिळणं सोडलं तर वरचे-खालचे दात एकमेकांना लागायलाच नकोत, हे मला ठाऊकच नव्हतं. कॉम्प्युटरच्या कडेला लाल ठिपका चिकटवला. तो दिसला की बघायचं, ओठ मिटलेले आणि दात सुटे आहेत ना? पहिल्या दिवशी दर वेळी दात आवळलेलेच सापडले. ही सवय मोडायला लागली तसा ठणका उतरत गेला.

आता 41 मिलिमीटर. 'कट्' अजून होतं, पण दुखत नसेल तर त्या आवाजावर उपचार लागत नाहीत. झोप कमी झाली की गाल जड होतो. मग दहा मिनिटं गरम शेक आणि दोन दिवस मऊ जेवण. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरते.

जबडा अडकूनच बसला, सूज-ताप आला, तर व्यायाम करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि चालताना जबडा दुखून छातीत दडपण येत असेल तर ते हृदयाचं असू शकतं. लगेच हॉस्पिटल गाठा.