बाळाच्या खोलीला वॉलपेपर की रंग?

सांगलीत हा प्रश्न आधी भिंतीला विचारावा. वॉलपेपर देखणा असतो, यात वाद नाही. एका दिवसात खोलीभर हत्ती, ढग, झाडं येतात. पण कृष्णाकाठच्या ज्या घरांत २०१९ चा महापूर शिरला होता, तिथल्या तळमजल्याच्या भिंतींना अजून ओल येत असेल, तर कागदामागे ती कोंडते आणि बुरशी धरते. वरून काहीच दिसत नाही, आणि बाळ त्याच हवेत झोपतं. शिवाय रांगतं पोर सुटलेली कड ओढून तोंडात घालणारच!

म्हणून माझा कौल रंगाला. धुता येणारं, कमी वासाचं इमल्शन, म्हणजे पाण्यात कालवायचा रंग, घ्या. खडूच्या रेघोट्या बऱ्याचदा ओल्या फडक्याने निघतात. ओल असेल तर आधी तिचा बंदोबस्त, मग रंग.

खरी काळजी जुन्या रंगाची घ्यायची. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आली ती नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, आणि त्याची धूळ बाळाच्या मेंदूला घातक. तेव्हा जुना रंग कोरडा घासू देऊ नका, पाणी मारूनच घासायला सांगा. त्या दिवसांत गरोदर बाई आणि लहान मुलं दुसऱ्या घरी राहिलेली बरी. बाळ यायच्या महिनाभर आधी काम उरका, खिडक्या उघड्या ठेवा.

वरच्या मजल्यावर कोरडी भिंत असेल आणि हौस असेलच, तर एका भिंतीला वॉलपेपर चालेल. फक्त पाळण्याजवळची भिंत नको.